घरगुती कारण

आमच्या घरात बदलीवर जेवढं बोलणं होतं तेवढं देवधर्मावर होत नाही. पप्पा सरकारी शाळेत शिक्षक, मामा खकनारला तहसील कचेरीत बाबू. दोघं एकत्र जेवायला बसले की कुणाची बदली कुठे झाली, कुणी कुणाला धरून रद्द करवली, कुणाला उचलून कुठल्या कोपऱ्यात फेकलं, हेच चालू. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या माणसांना जगात दोनच कामं असतात, बदली करून घेणं आणि झालेली बदली थांबवणं.

या शास्त्राचा पहिला नियम मामांनी मला शाळेत असतानाच समजावून दिला होता. अर्जात खरं कारण कधी सांगायचं नाही. खरं कारण काय असतं? गाव लांब पडतं, शाळेत लाईट नाही, हेडमास्तर छळतो, जीव विटला. हे लिहिलं की साहेब म्हणतो, सगळ्यांचंच असं आहे, चालू पड. म्हणून 'घरगुती कारण' लिहायचं. आई आजारी, बायकोची नोकरी दुसऱ्या गावात, मुलीचं लग्न. घरगुती कारणाला साहेब बोट लावत नाही. पप्पा खकनारच्या पलीकडच्या एका गावातून बुऱ्हाणपुरात आले ते आजीच्या दुखण्यावर. अर्जात आजी अंथरुणाला खिळलेली होती. प्रत्यक्षात ती निंबोल्याला काकांकडे केळीच्या बागेत उभी राहून मजुरांना फैलावर घेत होती. हा किस्सा आमच्याकडे पाहुण्यांना हसत हसत सांगतात, आणि आजी स्वतः सगळ्यात जास्त हसायची.

मग माझ्या बदलीची पाळी आली. म्हणजे कॉलेज बदलायची. त्याला दोन-तीन वर्षं झाली, पण आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष मी इथेच केलं, बुऱ्हाणपुरात. विषय केमिस्ट्री, आणि वर्षभर केमिस्ट्रीच्या लॅबला कुलूप. शिकवणाऱ्या मॅडम बदली करून गेल्या (घरगुती कारणावर, अजून काय!) आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. एक तात्पुरते सर यायचे, ते फळ्यावर थिअरी लिहून द्यायचे आणि निघून जायचे. मी विचारलं, सर, प्रॅक्टिकल कधी? तर म्हणाले, "सीनियरचं जर्नल घे, रीडिंग उतरव, एखादा आकडा इकडेतिकडे कर." अख्ख्या वर्गाने तेच केलं. परीक्षेत सगळ्यांना चांगले मार्क पडले, मलाही पडले. मैत्रिणी खूश. मी एकटीच घरी येऊन धुसफूस करून राहिले होते.

मला लॅबमध्येच काम करायचं होतं. पाणी तपासणं, माती तपासणं, औषधाच्या कारखान्यात माल तपासणं, काहीही चाललं असतं, पण हाताने करायचं होतं. बारावीत आमच्या सरांनी एकदा टेबलावर दोन बाटल्यांतली पाण्यासारखी दिसणारी द्रावणं एकमेकांत ओतली आणि तळाशी पांढरा साका बसला. तेव्हापासून माझं हे खूळ. आणि आता बी.एस्सी. होऊन मी कुणाच्या दारात जाऊन काय सांगणार होते, की मी आकडे छान उतरवते?

इंदूरचं एक कॉलेज होतं. नाव सांगत नाही, उगीच कशाला. विद्यापीठ तेच, त्यामुळे बदलून जाता येत होतं. तिथे दुसऱ्या वर्षाला ज्या जागा रिकाम्या राहतात त्यांवर बाहेरच्या कॉलेजातली मुलं घेत. दुसऱ्या वर्षालाच फक्त. तिसऱ्याला कुणी कुणाला घेत नाही. म्हणजे मला हा एकच उन्हाळा होता. सूचनेत लिहिलं होतं, पहिल्या वर्षाचे मार्क आणि साक्षात्कार, पालकांसह हजर राहावे. आई म्हणाली, "सरळ मुलाखत म्हण ना. साक्षात्कार संतांना होतो." मी म्हटलं, "आई, आपण एमपीत राहतो. इथे चपराश्यालाही होतो."

आता या मुलाखतीला महत्त्व किती, हे मला कुणी सांगेल तर शपथ. कॉलेजात फोन लावला तर पलीकडून आवाज आला, "आप आइए तो सही, फिर देखते हैं." आमच्या गल्लीतली एक ताई इंदूरला शिकून आलेली, ती म्हणाली, "अगं, नुसती फॉर्मॅलिटी असते. नाव विचारतात, टीसी बघतात, हो गया." कोचिंगवाले सर म्हणाले, "इंटरव्यू में ही सब कुछ है बेटा, मार्क तो सबके होते हैं." आणि मामा? मामांचं ठरलेलंच. "आत सगळं आधीच ठरलेलं असतं. तू फक्त ड्रेस नीट घाल आणि केस बांध." तिघांनीही इतक्या खात्रीने सांगितलं की जणू तिघंही त्या खोलीत खुर्ची टाकून बसलेले. मी शेवटी ठरवलं, गेलं खड्ड्यात सगळं, आपण तयारी करायची आणि जे आहे ते खरं सांगायचं.

इथेच मामांशी वाजलं. रविवारी ते मुद्दाम माझी उजळणी घ्यायला आले. पलंगावर साहेबासारखे मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हां, सांग. कॉलेज का सोडून राहिली?"

"लॅब बंद आहे."

मामांनी कपाळावर हात मारला. "अगं येडे, आपल्या गावच्या कॉलेजाची अब्रू परक्या गावात टांगते का? तो प्रिन्सिपल काय म्हणेल? आज तिकडची तक्रार करते, उद्या माझी करेल. घरगुती कारण सांग."

"माझं काय घरगुती कारण आहे?"

"पोरीच्या जातीला घरगुती कारण शोधावं लागतं का?" असं म्हणून मामा हसले आणि पप्पाही हसले. मी उठून आत गेले आणि भांडी आपटली, तेवढंच आपल्या हातात.

संध्याकाळी पप्पा गच्चीवर पाणी मारत होते तेव्हा मी त्यांना गाठलं. "पप्पा, आत मी बोलेन. तुम्ही फक्त बसायचं. मामांना तर आणूच नका."

"मामा येतील, त्यांना कसं नाही म्हणायचं? बाहेर बसतील ते."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला बोलू बाई? तुझं कॉलेज, तू बोल." हातातला पाइप तसाच धरून त्यांनी गळ्याची शपथ घेतली. पप्पा खोटं बोलणारे नाहीत. म्हणजे ऑफिसच्या बाहेर नाहीत. मला तेव्हा हा फरक फार वाटला नव्हता.

पहाटेच्या बसने निघालो. मामांच्या मांडीवर मावा जलेबीचा पुडा. कुणासाठी विचारलं तर म्हणाले, राहू दे, कामाला येतो. आणि खरंच आला. कॉलेजच्या ऑफिसातला बाबू आमचं बोलणं ऐकून मान वर करून म्हणाला, "बुऱ्हाणपूरचे का?" तो निघाला जैनाबादचा. नदीपलीकडचा, घरचाच म्हणा ना. मामांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. पुडा टेबलावर गेला, चहा आला, आणि चहा संपेपर्यंत त्या बाबूला आमच्या तीन पिढ्या पाठ झाल्या. मामा माझ्या कानात म्हणाले, "आपला माणूस आहे. आता काळजी नाही."

माझं नाव पुकारलं तेव्हा पप्पा आणि मी आत गेलो. मध्ये प्रिन्सिपल, उजवीकडे केमिस्ट्रीच्या मॅडम, डावीकडे एक सर, ते शेवटपर्यंत मोबाइलच बघत होते. जैनाबादचा बाबू कागद घेऊन भिंतीशी उभा. मॅडमनी पहिलाच प्रश्न असा विचारला की माझी भीती पळाली.

"टाइट्रेशन किया है?"

"नहीं मैडम. लिखा है, किया नहीं है."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग बरंच विचारलं. थिअरीतलं, जर्नलमधलं, हे असं का होतं, ते तसं का. जे येत होतं ते सांगितलं, जे येत नव्हतं ते येत नाही म्हणून सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तो यहाँ क्यों आना है?"

"करने के लिए."

त्या हसल्या. चांगल्या हसल्या. मला आतून वाटलं, झालं, जमलं. तेवढ्यात प्रिन्सिपल खुर्चीत पुढे सरकले. "अपने कॉलेज की बुराई कर रही हो. कल को हमारी भी करोगी?"

मी म्हटलं, "सर, आपकी लैब बंद रहेगी तो करूँगी."

हे जास्त झालं हे मला बोलता बोलताच कळलं. माझी जीभच तशी आहे, काय करू. पण मॅडम तोंडावर हात ठेवून हसत होत्या, आणि प्रिन्सिपलच्या कपाळावर आठी होती पण ते रागावलेलेही दिसत नव्हते. ते काहीतरी बोलणार होते. काय बोलणार होते ते मला आयुष्यात कळणार नाही. कारण पप्पांनी ती आठी बघितली. इतकी वर्षं साहेबांच्या टेबलासमोर उभं राहिलेला माणूस, त्याला आठी दिसली की बाकी काही दिसत नाही. ते खुर्चीवरून अर्धे उठले आणि हात जोडून म्हणाले, "सर, बच्ची है, बोल जाती है. असल में घरेलू कारण है. इसकी सगाई यहीं इंदौर में तय हुई है."

खोलीत एकदम सगळ्यांचे चेहरे बदलले. प्रिन्सिपलची आठी गेली, ते मागे टेकले. "अरे मास्टरजी, तो ये पहले बताना था ना! लड़का क्या करता है?"

"कंपनी में है सर," पप्पा म्हणाले.

झालं. त्या खुर्चीत बसल्या बसल्या मी कुठल्याशा कंपनीतल्या मुलाला दिली गेले. प्रिन्सिपलने माझं अभिनंदन केलं. भिंतीशी उभा असलेला बाबू तोंडभरून हसला. मोबाइलवाल्या सरांनीसुद्धा मान वर करून मला एकदा बघून घेतलं. मी तोंड उघडलं होतं, पण पप्पांचे हात अजून जोडलेलेच होते आणि कानशिलावरून घाम येत होता. चार परक्या माणसांसमोर आपल्या बापाला खोटं कोण पाडणार? आज पुन्हा तिथे बसवलं तरी माझ्याने ते होणार नाही. मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "ठीक है, जाइए."

बाहेर आल्यावर पप्पा खुशीत. "पाहिलं? कसा नरमला? तू तर सगळं बिघडवूनच ठेवलं होतं." मामांनी त्यांची पाठ थोपटली, "वा दाजी, याला म्हणतात अनुभव." मी दोघांच्या पुढे झपाझप बसस्टँडकडे निघाले. बसमध्ये खिडकीशी बसले आणि मग माझा बांध फुटला. आजूबाजूला माणसं आहेत, मामा ऐकून राहिले, कशाचंच भान राहिलं नाही.

"तुम्ही शपथ घेतली होती पप्पा!"

"अगं, तो बिथरला होता."

"बिथरू द्या ना! मी बोलत होते त्याच्याशी! ही तुमची बदली नाहीये. मी नोकरी मागायला गेले होते का? शिकायला गेले होते. तिथे खरं कारणच लागतं."

"सगळीकडे माणसंच बसलेली असतात बेटा," पप्पा शांतपणे म्हणाले. "घरचं कारण सांगितलं की माणूस विरघळतो." त्यांना मनापासून वाटत होतं की त्यांनी मला वाचवलं. त्याचाच मला जास्त संताप येत होता. वाईट हेतूने केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

यादी लागली तेव्हा मी मोबाइलवर ती वरून खाली आणि खालून वर वाचली. माझं नाव नव्हतं. आई म्हणाली, पुन्हा बघ. मी पुन्हा बघितलं. मामांचा फोन आला, "मी म्हटलं नव्हतं? आत आधीच ठरलेलं असतं." मी फोन आईच्या हातात दिला, नाहीतर त्या दिवशी मी मामांना काय बोलले असते देव जाणे. पप्पांशी तर मी बोलणंच टाकलं. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, आणि उठून जायचं. पप्पा एकदा म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा भरू." मी म्हटलं, "तिसऱ्या वर्षाला घेत नाहीत," आणि निघून गेले. ते त्यांना माहीत नव्हतं. मी कितीदा सांगितलं होतं, पण ऐकलं कुणी होतं?

एका पहाटे बघते तर पप्पा बाहेर जायचे कपडे घालून तयार. म्हणाले, "चल, इंदूरला जाऊन येऊ."

"आता कशाला?"

"खरं सांगून येतो. माझ्यामुळे झालं असेल तर मीच निस्तरलं पाहिजे."

मला त्यांचा राग होताच, पण पायात चपला सरकवताना मी त्यांच्याकडे चोरून बघितलं. साहेबासमोर जाऊन खरं बोलायची ही त्यांची पहिलीच वेळ असणार. वाटेत ते मनातल्या मनात काहीतरी घोकत होते, ओठ हलत होते. मामांना आम्ही सांगितलंच नाही.

प्रिन्सिपलनी ओळखलं. बसा म्हणाले. पप्पा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "सर, इसकी सगाई नहीं है. मैंने उस दिन गलत बोला था."

प्रिन्सिपल उठून टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "टूट गई?"

"नहीं सर, टूटी नहीं. थी ही नहीं."

"समझता हूँ मास्टरजी. हिम्मत रखिए. लड़के वालों का आजकल कोई भरोसा नहीं." त्यांनी बेल वाजवली, पाणी मागवलं. पाणी घेऊन आला तोच तो जैनाबादचा बाबू. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला तिथल्या तिथे ग्लास फोडावासा वाटला. पप्पा घामाघूम. "सर, मेरी बात सुनिए, मैंने झूठ बोला था, एडमिशन के लिए..." आणि प्रिन्सिपल, "कोई बात नहीं, बाप का दिल है." काय करावं अशा माणसाला? खोटं त्याने एका झटक्यात मानलं होतं. खरं सांगायला आम्ही पहाटे उठून आलो, तर ते काही त्याच्या गळी उतरेना. शेवटी म्हणाले, "और सीटें तो भर गईं. मैं चाहूँ तो भी अब कुछ नहीं कर सकता."

बाहेरच्या ओसरीत मॅडम दिसल्या. मी पप्पांना तिथेच सोडून त्यांच्यामागे धावले. विचारलं, मॅडम, मला एवढंच सांगा, मुलाखतीला मार्क असतात का? माझी मुलाखत वाईट झाली का?

मॅडम थांबल्या. म्हणाल्या, मुलाखतीला मार्कबिर्क काही नसतात. क्रम मार्कांवरच लागतो, आणि तुझे मार्क पुरेसे होते. आम्ही मुलाखत कशाला घेतो, तर मुलगी टिकेल का हे बघायला. मध्येच सोडून गेली की जागा वर्षभर रिकामी राहते, दुसऱ्या कुणाला देता येत नाही. लग्न ठरलेल्या मुली बऱ्याचदा सोडून जातात. "मैंने तुम्हारा नाम रखा था," त्या म्हणाल्या. "सर ने कहा, शादी हो रही है, ये नहीं टिकेगी. फिर मैं क्या बोलती?"

म्हणजे पप्पांनी जे कारण मला आत घालायला सांगितलं, त्याच कारणाने मला बाहेर काढलं. त्या मुलाखतीत माझ्या बोलण्याने माझं काहीच बिघडलं नव्हतं. मी मॅडमना म्हटलं, "मैडम, सगाई है ही नहीं." त्यांनी मात्र लगेच विश्वास ठेवला, आणि त्यामुळे मला आणखीच रडू यायला लागलं. मी कसंबसं आवरलं.

येताना बसमध्ये मी पप्पांना सगळं सांगितलं, मॅडम बोलल्या तसं. त्यांनी ऐकलं. समोरच्या सीटच्या दांडीला धरून बसले होते, तसेच घर येईपर्यंत बसून राहिले.

पण हे इथे संपलं नाही. त्या जैनाबादच्या बाबूला गावाकडे आई होती, बहिणी होत्या, फोन होता. आधी माझा साखरपुडा नदी ओलांडून आला असणार, पण तो कुणी आमच्या तोंडावर बोललं नाही. आम्ही बोलावलं नाही म्हणून लोक फुगून बसले होते, हे मागाहून कळलं. सोयरीक मोडल्यावर मात्र सगळ्यांचा राग पळाला आणि सगळे आले. आई भाजी आणायला गेली तर भाजीवालीने तिला कोथिंबिरीची जुडी तशीच दिली आणि सुस्कारा टाकला. दोन दिवसांनी शेजारच्या काकू आल्या, सोबत त्यांची जाऊ. मयताला जातात तशा, हळू आवाजात, डोक्यावर पदर घेऊन. चहा नको म्हणाल्या. असं असलं की चहा नको म्हणतात आमच्याकडे.

"पोरी, ये इकडे, बस," काकू म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नको. बरं झालं आधीच कळलं ते."

"काकू, सोयरीक नव्हतीच."

"हाव बाई, नव्हतीच. असंच समजायचं."

"समजायचं नाही, काकू, खरंच नव्हती!"

आई मध्ये पडली, तिनेही सांगितलं. काकूंनी आईचा हात हातात घेऊन दाबला. तेवढ्यात पप्पा आतल्या खोलीतून आले. बायका बसलेल्या असताना ते कधी बाहेर येत नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, माझी चूक आहे. पोरीच्या ॲडमिशनसाठी मी साहेबाला खोटंच सांगितलं होतं. कुणी मुलगा नाही, कुणी काही मोडलं नाही." एवढं सरळ, एवढं स्पष्ट बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या जावेला म्हणाल्या, "बघ, लेकीसाठी सगळं स्वतःवर घेऊन राहिले."

मी हात टेकले. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "जाऊ दे ग. तुझं वय काय, रूप काय. याच्याहून चांगला दुसरा मिळेल."

"मला दुसरा नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की काकूंचा हात थांबला. "मला कॉलेज पाहिजे होतं. ते गेलं. आता दुसरं मिळत नाही, समजतं का तुम्हाला? सोमवारपासून मी परत त्याच कुलपासमोर जाऊन उभी राहणार. दोन वर्षं. सगळं उतरवून काढणार आणि एकही गोष्ट हाताने न करता पास होणार!" आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेचना. यादीच्या दिवशी नाही, इंदूरला नाही, पण त्या दिवशी मी काकूंच्या समोर नाक पुसत, हुंदके देत, लहान पोरीसारखी रडले.

काकूंनी मला ओढून कुशीत घेतलं. माझ्या डोक्यावरून आईकडे बघत त्या म्हणाल्या, "किती जीव लावला होता ग पोरीने."

पप्पा अजून दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"हो काकू," मी म्हटलं. "फार लावला होता."